तुलनेच्या पत्त्यांचा डबा: वाळूचं घड्याळ कपाटात ठेवा, निळे पत्ते जपून वापरा

आधी किंमत सांगून टाकतो. डब्यावर ३५० छापलंय, नवी पेठेतल्या स्टेशनरीवाल्यानं २८० ला दिला. घरी आल्यावर बायकोनं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "पुठ्ठ्याचे तुकडे आणले व्हय ओ, दोनशे ऐंशीचे?" त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता अडीच महिने झालेत, म्हणून हे लिहायला बसलोय.

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंग बघतो. दिवसभर डझन, गठ्ठे आणि खोकी. आकड्यांची भीती नाही, पण शिकवायचा अनुभवही नाही. थोरली तिसरीत आहे, धाकटा बालवाडीत. बहिणीचा मुलगा चौथीत. तो शेजारच्या गल्लीत राहतो, म्हणजे दप्तर त्याच्या घरी राहतं आणि तो आमच्या घरी. डबा या तिघांच्या हातातून गेलाय, माझ्या आईच्याही. तेव्हा खाली जे लिहिलंय ते सगळ्या घराचं मिळून.

घ्यायचं कारण थोरलीची वही. संक्रांतीच्या सुट्टीत, गड्ड्याच्या जत्रेला जायच्या आदल्या दिवशी, गृहपाठ करत बसली होती. ७×६ आणि ७×८ यांत मोठं कोणतं, मधल्या चौकटीत खूण करा. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं: सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. सात सक बेचाळीसला थांबली, कोपऱ्यात ४२ लिहिलं. मग पुन्हा सात एके सातपासून सुरुवात. सात आठे छप्पन्न. ४२ आणि ५६ कडे आळीपाळीनं बघून खूण केली. खूण बरोबर होती, शाळेत पूर्ण मार्क मिळाले असते. मला मात्र कसंतरीच वाटलं. आमच्याकडे सहा-सहा टॉवेलच्या सात थप्प्या आणि शेजारी आठ-आठच्या सात थप्प्या लावल्या, तर माल कुठं जास्त हे सांगायला कुणी मोजत बसत नाही. थप्प्या तेवढ्याच, उंची वेगळी. पोरीला पाढा येत होता, थप्पी दिसत नव्हती.

दोन दिवसांनी वह्या आणायला गेलो तेव्हा काउंटरवर हा डबा दिसला. वर लिहिलेलं: 'न सोडवता सांगा, कोण मोठं?' त्या 'न सोडवता'साठी मी पैसे दिले. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत आणि मला भांडणात पडायचं नाही. तसाही हा असला माल वेगवेगळ्या नावांनी येत असतो.

आत १२० पत्ते आहेत. प्रत्येकावर डावीकडे एक उदाहरण, उजवीकडे एक, मध्ये रिकामा गोल. त्या गोलात लहान, मोठं किंवा बरोबर यांतली एक चकती ठेवायची. पिवळे ४० पत्ते गुणाकाराचे, निळे ४० भागाकाराचे, हिरवे २४ दोन्ही मिसळलेले, आणि पांढरे १६ कोरे. शिवाय सहा चकत्या, अर्ध्या मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि आठ पानांची पुस्तिका. पुठ्ठा जाड आहे, कोपरे गोल कापलेले. धाकट्यानं दोन पत्ते चघळले तरी शाई गेली नाही, एवढं प्रमाणपत्र पुरे. पिवळा आणि हिरवा मात्र ट्यूबलाइटखाली सारखेच दिसतात. रात्री वर्गवारी करताना डोळे ताणावे लागतात.

पहिल्या रात्री मी पुस्तिकेप्रमाणे वागलो आणि खेळाचा विचका झाला. पुस्तिका म्हणते: पत्ते नीट पिसा, घड्याळ उलटं करा, वाळू पडायच्या आत चकती ठेवा. भाचा पाढ्यांत तरबेज, तो पटापट ठेवत गेला. थोरली वाळूकडेच बघत बसली. तिसऱ्या पत्त्यापासून ती अंदाजानं चकत्या टाकायला लागली. सहाव्याला भाचा हसला, सातव्याला ही रडली. मी घड्याळ उचललं आणि कपाटावर ठेवलं. बघून ओळखायला शिकायचंय त्या मुलाला आधी बघायला वेळ लागतो. घाई केली की ते एकतर पाढा घोकतं नाहीतर चकती फेकतं. घड्याळ सध्या धाकट्याच्या ताब्यात आहे. झोपेपर्यंत उलटंसुलटं करतो.

दुसरी गोष्ट चार-पाच दिवसांनी कळली, आणि ती पुस्तिकेत कुठंच लिहिलेली नाही. पत्त्यांच्या कोपऱ्यात बारीक क्रमांक आहेत. मी सहज ते ओळीनं लावले आणि चकित झालो, कारण ज्यानं कुणी हे पत्ते बनवलेत त्यानं क्रम विचार करून लावलाय. पिवळ्यातल्या १ ते १० मध्ये दोन्हीकडचा एक आकडा नेहमी तोच: ७×६ नि ७×८, ४×९ नि ३×९. म्हणजे सारखं असेल ते झाका आणि उरलेल्याकडे बघा. ११ ते २० मध्ये अदलाबदल आहे, ४×९ आणि ९×४, शिवाय एक आणि शून्य. २१ ते ३० मध्ये दुप्पट-निम्मे: ६×८ आणि १२×४. शेवटचे दहा खरे तिखट. एवढा चांगला क्रम लावून मग पुस्तिकेत 'पत्ते पिसा' लिहिणारा माणूस दुसराच कुणीतरी असणार. तुम्ही घेतलात तर पहिले दोन आठवडे अजिबात पिसू नका.

दुप्पट-निम्म्याचा गठ्ठा थोरलीला सगळ्यात आवडला. ६×८ म्हणजे आठ-आठच्या सहा थप्प्या. प्रत्येक थप्पी मधोमध तोडली की चार-चारच्या बारा होतात, माल तेवढाच. हे मी तिला आमच्या नॅपकिनांच्या घड्या लावून दाखवलं. मग आला पत्ता २७: ४×७ आणि ८×३. तिनं लगेच बरोबरची चकती ठेवली, कारण चाराचे आठ झाले. मी म्हटलं, साताचं निम्मं किती? बराच वेळ गेला. "साडेतीन." मग तीन पुरतील का? चकती बदलली. माझे वडील असते तर म्हणाले असते, औटकी पाठ नाही व्हय? त्यांच्या पिढीला साडेतीनचाही पाढा होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, सगळं तालात. माझ्यापर्यंत येता येता निमकीसुद्धा गळली.

शेवटच्या दहातला ५×७ आणि ६×६ हा पत्ता मी मुद्दाम सांगतो, कारण त्यात मीही अडकलो. उत्तर ३५ आणि ३६ हे सगळ्यांना येतं. पण न सोडवता कसं सांगणार? घरात पुढच्या खोलीत शहाबादी फरशी आहे. खडूनं सहा ओळी, ओळीत सहा असा चौकोन आखला. आता वरची ओळ काढली असं समजू. हातात सहा फरश्या आल्या, खाली पाच ओळी उरल्या. त्या पाच ओळींत एकेक फरशी जोडली की प्रत्येक ओळ सातची झाली, ५×७ तयार. लागल्या पाच फरश्या, हातात उरली एक. तीच ती जास्तीची. भाचा, जो इतके दिवस पाढ्यांच्या जोरावर जिंकत होता, तो प्रथमच गप्प झाला आणि मग स्वतःच ४×८ आखायला लागला. तिथं ३२ येतात. ३×९ ला २७, २×१० ला २०. दोन्ही आकड्यांची बेरीज प्रत्येक वेळी बाराच, पण आकडे एकमेकांपासून जितके लांब तितकं उत्तर घसरतं. खडूचे डाग दोन दिवस राहिले, त्याबद्दल जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

आता निळे पत्ते. डब्याची किंमत वसूल होते ती इथं.

२४÷४ आणि २४÷६. भाच्यानं सहाच्या बाजूला मोठं ठेवलं. का रे? "सहा मोठा हाय की." चौथीतला पोरगा, बाराचा पाढा उलटा म्हणून दाखवणारा. थोरलीचंही तेच. आकडा मोठा दिसला की उत्तर मोठं, ही सवय बेरजेपासून अंगात मुरलेली, गुणाकारानं ती पक्की केलेली. भागाकारात ती उलटी पडते, आणि नुसतं सांगून हे कळत नाही. मी दोन-तीन वेळा सांगून बघितलं. मान डोलावतात आणि पुढच्या पत्त्याला पुन्हा तेच.

शेवटी एका रविवारी कारखान्यात घेऊन गेलो. फोल्डिंगच्या टेबलावर २४ टॉवेल ठेवले. म्हटलं, चार मावश्यांत वाटून द्या. सहा-सहा आले. आता अजून दोन मावश्या आल्या, पुन्हा वाटा. चार-चार. थोरली म्हणाली, "माणसं वाढली की काम कमी झालं." झालं, एवढंच पाहिजे होतं. त्यानंतर ३६÷४ आणि ३६÷९ असं काही आलं की ती पुटपुटते, "मावश्या किती?" आणि चकती ठेवते.

पण थांबा, इथं एक गाठ आहे. भागाकार वाटणीचाही असतो आणि गठ्ठ्यांचाही. चोवीस टॉवेल चौघींत वाटले तर प्रत्येकीला किती, हा एक प्रश्न. चोवीस टॉवेलचे चार-चारचे गठ्ठे बांधले तर गठ्ठे किती, हा दुसरा. आकडेमोड तीच, २४÷४, उत्तर दोन्हीकडे ६, पण डोळ्यांसमोरचं चित्र निराळं. दुसऱ्या चित्रात गठ्ठा लहान केला की गठ्ठ्यांची संख्या वाढते. भाच्याला मावश्या पटल्या नव्हत्या, गठ्ठे लगेच पटले. तेव्हा ज्या मुलाला एक चित्र लागू पडत नाही त्याला दुसरं देऊन बघा. पुस्तिकेत दोन्ही चित्रांचा पत्ता नाही. तिथं ठळक अक्षरात एकच वाक्य आहे: 'भाजक मोठा तर उत्तर लहान.' हे घातक वाक्य आहे. पुढचेच दहा पत्ते ४८÷६ आणि ५४÷६ असे आहेत. तिथं भाजक सारखा आणि भाज्य बदलतं, म्हणजे जास्त माल तेवढ्याच मावश्यांत. आणि त्याच्या पुढे २४÷४ आणि ४८÷८. माल दुप्पट झाला, मावश्याही दुप्पट, वाटा तोच. ते वाक्य पाठ केलेलं पोर इथं आठ बघून बेधडक 'लहान' ठेवतं. आमच्याकडे दोघांनीही ठेवलं.

सगळ्या निळ्या पत्त्यांत बाकी कुठंच उरत नाही, हेही लक्षात ठेवा. खऱ्या मालात बाकी रोज उरते. पण तिसरीसाठी ठीक आहे, इतकी तक्रार ताणत नाही.

ताणतो ती ही. निळ्यातला पत्ता ३४: ८÷० आणि ८÷१. पुस्तिकेतलं उत्तर: पहिलं शून्य, दुसरं आठ, म्हणून दुसरं मोठं. हे सरळसरळ चूक आहे. शून्यानं भागताच येत नाही, मग तुलना कसली? थोरलीला मी विचारलं, आठ टॉवेलचे शून्य-शून्यचे गठ्ठे बांध. ती हवेत गठ्ठे बांधत बसली. "पप्पा, हे संपतच नाही." बरोबर, कितीही रिकामे गठ्ठे बांधले तरी टेबलावर आठ टॉवेल तसेच. ०÷८ वेगळं, तिथं टॉवेलच नाहीत आणि आठ मावश्या रिकाम्या बसल्यात, प्रत्येकीला शून्य. छपाईत बहुतेक हेच उलटं पडलं असावं. डब्यावरच्या नंबरवर तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. दुकानदारानं मात्र डबा बदलून देतो म्हणून सांगितलं. नव्या डब्यातही तोच पत्ता निघाला, तेव्हा दोघंही हसलो. आम्ही त्या पत्त्यावर लाल पेननं फुली मारली आणि ठेवून दिला. खेळात तो आला की ज्यानं ओढला त्यानं 'येत नाही' म्हणून टेबलावर थाप मारायची. आता तोच सगळ्यांचा लाडका पत्ता आहे.

पुस्तिकेच्या मराठीबद्दल थोडक्यात: हिंदीवरून उतरवलीय. 'गुणा करा', 'पासून मोठे', 'भाग द्या' असं आहे. शाळेत गुण्य, गुणक, भाज्य, भाजक म्हणतात, घरी पाढे मराठीत, आणि मध्येच हे. पोरांना वाचायला देऊ नका.

पुस्तिकेतलं चित्र मगरीचं आहे. मगर मोठ्या घासाकडे तोंड उघडते, ते बहुतेक शाळांत सांगतात. माझी आई विड्या वळत तिथंच बसलेली असते. ती म्हणाली, "मगर कुणी बघितलीय? अडकित्ता म्हणा की. मोठ्या सुपारीकडं तोंड उघडं." तेव्हापासून आमच्या घरात अडकित्ता. आणि त्या चकत्यांची गंमत बघा. कंपनीनं 'लहान' आणि 'मोठं' अशा वेगवेगळ्या चकत्या दिल्यात, 'मिसळू नका' अशी सूचनाही आहे. आठवड्यानं थोरलीला कळलं की एक फिरवली की दुसरी होते. ती मला हळूच म्हणाली, जणू दुकानदाराची चोरी पकडलीय: "पप्पा, ही दोन्ही एकच हाय." अडकित्ता इकडून धरा नाहीतर तिकडून.

त्यावरून तिनं विचारलं की ही खूण काढली कुणी. मला माहीत नव्हतं, शोधून सांगितलं. बरोबरच्या दोन रेघा रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या माणसानं १५५७ मध्ये वापरल्या. दोन समांतर रेघांइतकं सारखं दुसरं काही नाही, असं त्याचं म्हणणं. अडकित्त्याच्या खुणा टॉमस हॅरियटच्या पुस्तकात १६३१ मध्ये छापून आल्या, तो गेल्यावर दहा वर्षांनी. आणि गुणाकाराची फुली विल्यम ऑट्रेडनं छापली तीही १६३१ मध्येच. भागाकाराची टिंबवाली रेघ योहान रान याची, १६५९ ची. थोरली म्हणाली, "म्हणजे शिवाजी महाराज एक वर्षाचे होते तेव्हा फुली आली, आणि अफजलखान मारला तेव्हा भागाकार." इतिहासाच्या पेपराला हे उपयोगी नाही, पण मला आवडलं.

हिरव्या पत्त्यांवर फार लिहीत नाही, कारण चोवीसच आहेत आणि आम्ही अजून अर्ध्यावर आहोत. तिथला सापळा वेगळा. फुली दिसली की मोठं, टिंबं दिसली की लहान, असं पोरं धरून चालतात. मग २×३ आणि ६०÷५ येतं आणि ६ समोर १२ उभे राहतात. ३×४ आणि ९६÷८ दोन्ही बारा. ६×१ आणि ६÷१ दोन्ही सहा, यावर भाच्यानं माझ्याशी दहा मिनिटं वाद घातला. इथं मात्र न सोडवता सांगणं बऱ्याच वेळा जमत नाही, सोडवावंच लागतं. डब्यावरचं 'न सोडवता' हिरव्यांना लागू नाही. निदान अंदाज तरी बांधता येतो: साठाचे पाच वाटे म्हणजे प्रत्येकाला दहाच्या वरच, आणि दोन त्रिक सहा. तेवढं पुरतं.

बरोबरच्या खुणेबद्दल एक सांगायचं राहिलं. कोऱ्या पत्त्यावर मी भाच्यासाठी ६×४ = __×३ असं लिहिलं. त्यानं रिकाम्या जागी २४ लिहून हात झटकले. त्याच्या लेखी त्या दोन रेघांचा अर्थ 'उत्तर लिही' एवढाच. पलीकडच्या तीनकडे त्यानं बघितलंच नाही. माळ्यावरची जुनी तागडी काढली, एका पारड्यात चार-चारच्या सहा पुड्या चिंचोके. दुसऱ्या पारड्यात तो तीन-तीनच्या पुड्या टाकत गेला. आठव्या पुडीला काटा मध्ये आला. चिंचोके सगळे एकाच वजनाचे नसतात, म्हणून दोनदा थोडं हलवावं लागलं, ते सोडा. मंडईत आता सगळीकडे आकडे दाखवणारे काटे आलेत. त्या पोरानं तागडी हातात धरली ती पहिल्यांदाच. बरोबर म्हणजे काटा मध्ये, हे त्याला चिंचोक्यांनी सांगितलं. मला ते सांगता आलं नसतं.

घ्यावा का? मूल तिसरी-चौथीत असेल, पाचपर्यंतचे पाढे येत असतील आणि घरात कुणाला रोज पंधरा मिनिटं जमिनीवर बसता येत असेल, तर घ्या. दुसरीतल्याला नको. नुसता हातात देऊन शांतता मिळेल अशा आशेनं घेत असाल तर त्या पैशांत कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणा, शांतता तशीही मिळेल. आणि हो, हे सगळं घरी बनवता येतं. टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा आणि स्केचपेन. वर मी क्रम सांगितलाच आहे: एक आकडा सारखा, अदलाबदल, दुप्पट-निम्मे, मग जवळजवळचे. मला तो क्रम सुचला नसता, म्हणून २८० रुपयांचं वाईट वाटत नाही. पाचपैकी औट तारे. दीड तारा कापला तो घड्याळ, पुस्तिका आणि पत्ता ३४ यांच्या नावावर.

पांढरे कोरे पत्ते मात्र सोळाच दिलेत, ते आठ दिवसांत संपले. मग आईनं तिची पानं कापायची कात्री आणि पत्र्याचा साचा घेतला आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचे पत्ते कापून दिले. ते विडीच्या पानाच्या आकाराचे झालेत, डब्यात नीट बसत नाहीत. परवा थोरलीनं त्यातल्या एकावर लिहिलं: १०००÷२५ आणि १०००÷२०. आजीसमोर धरलं. आई शाळेत गेलेली नाही, पण हजार विड्यांचे पंचवीस-पंचवीसचे कट्टे तिनं चाळीस वर्षं बांधलेत. सुपावरचा हात न थांबवता म्हणाली, "पंचवीसचे चाळीस. वीसचे केले तर पन्नास होतील की." थोरलीनं अडकित्ता वीसच्या बाजूला उघडून ठेवला. आईनं तो बघितला, दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "कट्टे जास्त झाले तरी मजुरी हजाराचीच गं. बरोबरची खूण ठेव." थोरली चकती हातात धरून बसली. तिनं बरोबरची उचलली, परत ठेवली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "पप्पा, एका पत्त्यावर दोन गोल काढले तर चालतील का?"